स्मृतिभ्रंश आणि घरची माणसे

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे पडून त्यांच्या जागी अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यास आता बराच काळ लोटला. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांतील पुष्कळ मंडळी आज कोथरूड, औंध अथवा सिंहगड रस्ता या बाजूंस राहावयास गेली आहेत. अशा एखाद्या घरात दिवेलागणीच्या सुमारास ऐंशीच्या पुढील एक गृहस्थ पायांत वहाणा घालून दाराशी येतात आणि म्हणू लागतात, "चला, मला घरी जायचे आहे." सून सांगते, "अण्णा, हेच आपले घर." मुलगा आतून सांगतो, "अण्णा, वीस वर्षे झाली आपल्याला इथे येऊन." गृहस्थ ऐकून घेतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणतात. हळूहळू दोन्हीकडचे आवाज चढतात, दारास आतून कुलूप पडते, आणि जन्मात ज्यांनी कोणावर हात उगारला नाही असा तो मनुष्य दार बडवू लागतो.

ज्या घरी त्यांना जावयाचे असते, त्या घराचा चौक, हौद, माडी यांपैकी काहीही आज जागेवर नाही. तथापि त्यांच्या मनात ते जसेच्या तसे उभे आहे, आणि ज्या घरात वीस वर्षे गेली ते मात्र पुसले गेले आहे. अशा वेळी घरच्या माणसांनी काय बोलावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. स्मृतिभ्रंश या विकारात शुश्रूषा म्हणून जे काही करावयाचे असते, त्याचा मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेला आहे.

स्मृतिभ्रंश हा शब्द आपल्याकडे नवा नव्हे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश व त्यापासून बुद्धीचा नाश अशी परंपरा सांगितलेली आहे. त्या ठिकाणी तो मनाचा दोष आहे. वैद्यकशास्त्र ज्यास डिमेन्शिया म्हणते तो मेंदूचा विकार आहे. येथे क्रमही उलटा लागतो. स्मृती आधी जाते आणि क्रोध मागाहून येतो, आणि तोही पुष्कळदा रोग्याच्या ठिकाणी नव्हे, तर घरच्यांच्या ठिकाणी. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण ज्या समाजात सहज तोंडी येते, त्या समाजात या विकाराकडे वार्धक्याचा एक चाळा म्हणून पाहिले जावे, यात नवल नाही. परंतु वार्धक्य म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा हातात घेऊन हे काय आहे असे विचारणे वेगळे.

हा विकार उत्पन्न करणाऱ्या रोगांपैकी सर्वांत अधिक आढळणारा रोग अल्झायमर या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखला जातो. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीस तपासले. तुमचे नाव काय, पतीचे नाव काय, असे साधे प्रश्न त्यांनी तिला विचारले आणि तिची उत्तरे टिपून ठेवली. पतीच्या नावाच्या जागीही ती आपलेच नाव सांगत होती. १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूची परीक्षा करून त्यांनी त्याच वर्षी ट्यूबिंगन येथील सभेत आपले निरीक्षण मांडले. मेंदूतील लहान रक्तवाहिन्या बंद पडल्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा प्रकार. याखेरीजही काही आहेत. भारतातील एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे साठ वर्षांवरील शंभर माणसांमागे सातांहून अधिक जणांस हा विकार असून अशांची देशातील एकूण संख्या ८८ लाखांच्या आसपास भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले.

येथे एक सूचना मध्येच करून ठेवणे इष्ट आहे. विसरणे वाढले की घरच्यांनी आपणच रोगाचे नाव ठरवून मोकळे होऊ नये. थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, डोक्यास मार लागून आत साकळलेले रक्त, खिन्नतेचा विकार, झोपेच्या गोळ्या, एवढेच काय, साधे ऐकू न येणे, यांमुळेही मनुष्य भ्रमिष्टासारखा दिसू लागतो, आणि यांपैकी बहुतेकांवर इलाज आहे. बी-बारा या जीवनसत्त्वाचा तुटवडा हेही असेच एक कारण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुणे शहर व आसपासची खेडी येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली जे प्रसिद्ध केले, त्यात शंभरांत ६७ जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. शाकाहारी कुटुंबांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. यास्तव प्रथम वैद्य आणि रक्ताची तपासणी, नाव मागाहून.

पण तपासणीअंती खरोखरच अल्झायमरचा रोग ठरला, तर मात्र औषधांचा आधार तोकडा आहे. डोनेपेझिलसारखी औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात. अलीकडे, २०२३ पासून, परदेशांत काही नवी औषधे मान्य झाली. ती रोगाच्या प्रारंभी त्याची चाल किंचित मंद करतात, बरा करीत नाहीत. म्हणजे पुढील आठ-दहा वर्षे जे काही करावयाचे ते माणसांनी माणसासाठी करावयाचे असते.

ते काय करावे हे समजण्यास, या रोगात काय जाते आणि काय राहते हे पाहिले पाहिजे. मेंदूच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहान भाग आहे. नव्या अनुभवाची नोंद टिकाऊ होते ती त्याच्या साहाय्याने, आणि अल्झायमरच्या रोगात फार आधी झिजतो तो हाच भाग. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि मुंजीचे जेवण आठवते. हातांनी शिकलेल्या गोष्टी त्याहून अधिक काळ टिकतात: कुंकू लावणे, पोळी लाटणे, टाळ वाजवणे, सही करणे. आणि सर्वांहून चिवट म्हणजे भावना. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१४ साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या रोग्यांस सुमारे वीस मिनिटे दुःखदायक चित्रपटांतील प्रवेश दाखवले, व पुढे आनंददायक दाखवले. थोड्याच वेळाने विचारता काय पाहिले हे त्यांस सांगता येईना; काहींस तर आपण काही पाहिले हेच स्मरेना. परंतु दुःख वा आनंद मात्र मनात रेंगाळत राहिला. विशेष हे की, दुःखाचे प्रवेश ज्यांस कमी आठवले, त्यांचे दुःख अधिक टिकले. कारण ठाऊक असले म्हणजे मनुष्य आपली समजूत घालू शकतो. कारण हरवले आणि दुःख उरले, तर त्याने कोणाशी आणि काय बोलावे?

कुलूप लावताना सून काय म्हणाली, हे अण्णा विसरतील. तिच्या आवाजाने जी भीती बसली ती मात्र रात्रभर उशाशी राहील, आणि सकाळी ते चहा घेण्यास नाही म्हणतील. घरच्यांस वाटेल, आज उगाच हट्टास पेटले आहेत.

पुण्यात ही गोष्ट एका चित्रपटाने फार स्पष्ट दाखवली आहे. सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक; कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी काही वर्षे अध्यापन केले आणि मग सुनील सुकथनकर यांच्यासह चित्रपट काढले. त्यांचा 'अस्तु' हा चित्रपट २०१३ सालचा. सुमित्राबाई २०२१ साली निवर्तल्या. चित्रपटातील डॉक्टर चक्रपाणिशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. स्मृतिभ्रंशाने त्यांची विद्या, पदवी, संसार सारे मागे पडत चालले आहे. त्यांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, आणि ते स्वतः मानसोपचाराचे प्राध्यापक होते ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलगी त्यांना मोटारीत बसवून थोडी दूर जाते, तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो. शास्त्रीबुवा लहान मुलासारखे हरखून मोटारीतून उतरतात आणि त्या हत्तीमागे चालू लागतात. घरी शोधाशोध सुरू होते. इकडे ते माहुताच्या बिऱ्हाडी पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा, कानडी बोलणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली. हा मनुष्य कोण, कोठला, काय शिकलेला, हे तिला ठाऊक नाही. ती त्यास खाऊ घालते, सांभाळते. ते तिला आई म्हणू लागतात आणि ती ते नाते स्वीकारते. चन्नम्माच्या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

हा चित्रपट पाहून घरोघरच्या मुली-सुना स्वतःस दोष देऊ लागल्या तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. चन्नम्मापाशी शास्त्रीबुवा थोडा वेळ होते. मुलीपाशी ते वर्षानुवर्षे आहेत. शिवाय चन्नम्मास एक सोय होती. तिच्यापाशी पूर्वीचे चक्रपाणिशास्त्री नव्हते, म्हणून समोरचे तिला पुरे होते. मुलीस मात्र समोर बसलेल्या मनुष्यात आपले विद्वान वडील शोधावे लागतात, आणि ते सापडत नाहीत म्हणून ती रोज थोडी थोडी पोरकी होते. घरच्या माणसांचे खरे दुःख हे आहे, आणि त्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळही येथेच आहे. ती जुन्या नात्याची खूण मागत राहतात, आणि रोग्यापाशी द्यावयास तेवढेच नसते.

"मला ओळखलेत का? सांगा पाहू मी कोण?" भेटीस आलेला प्रत्येक पाहुणा हा प्रश्न विचारतो. अल्झायमर यांनी नाव विचारले ते इस्पितळात, रोग जाणण्यासाठी. तेथे ते योग्यच होते. घराच्या बैठकीत ती परीक्षा होते. ज्या विद्यार्थ्यास उत्तर येणार नाही हे पक्के ठाऊक आहे त्यास चारचौघांत उभे करून तोच प्रश्न पुन्हा विचारणाऱ्या शिक्षकास आपण काय म्हणू? त्यापेक्षा पाहुण्याने आत येताच, "अण्णा, मी विमल, तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, साताऱ्याहून आले," असे म्हणावे. उत्तरही सांगितले जाते आणि नातेही.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड यांनी १९९७ साली लिहिलेल्या ग्रंथात हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. रोग्याची सारी अधोगती मेंदूच्या झिजेने होत नाही. भोवतालची माणसे त्यास घाई करतात, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलतात, बाळाप्रमाणे वागवतात, फसवून बाहेर नेतात, आणि यांनीही तो खचत जातो, असे त्यांचे म्हणणे. रोगी म्हणजे आधी एक व्यक्ती, हा त्यांचा आग्रह. शेफील्ड येथील माइक नोलन यांनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. केवळ रोग्याच्या गरजा पाहून भागणार नाही, असे त्यांनी म्हटले. सुरक्षित वाटणे, आपलेपणा, आयुष्याचा धागा अखंड असणे, करण्यास काही हेतू असणे, त्यात यश येणे आणि आपणास किंमत आहे असे वाटणे, या गोष्टी रोग्यास लागतात तशाच शुश्रूषा करणाऱ्यासही लागतात. एकास त्या न देता दुसऱ्यास देता येत नाहीत.

याच्याच जोडीला अलीकडे पाश्चात्त्य देशांत 'माइंडफुलनेस'चा पुष्कळ बोलबाला आहे. आपल्या भाषेत त्यास अवधान म्हणता येईल. त्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. बौद्ध ग्रंथांतील 'सति' या पाली शब्दास ऱ्हीस डेव्हिड्स या पंडिताने १८८१ साली हा इंग्रजी प्रतिशब्द दिला, आणि 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'च होय. ज्या पुण्यात धर्मानंद कोसंबी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, तेथे तरी हे सांगण्यास संकोच नको. म्हणजे एकाची स्मृती गेली असता दुसऱ्याने जी बाळगावयाची, तीही स्मृतीच. मात्र गतकाळाची नव्हे, समोरच्या क्षणाची. व्यवहारात तिचा अर्थ अगदी साधा आहे. तोच प्रश्न सतराव्या वेळी कानी आला म्हणजे स्वतःच्या छातीत जे चढू लागते, ते शब्द ओठांवर येण्यापूर्वी ओळखणे. एक श्वास जाऊ देणे. आणि मग पाहणे, की हा मनुष्य प्रश्न विचारतो आहे की भ्याला आहे. "आज वार कोणता?" या प्रश्नामागे पुष्कळदा "माझे काही चुकत तर नाही ना?" हा प्रश्न असतो. वार सांगितल्याने तो सुटत नाही. हातावर हात ठेवल्याने बहुधा सुटतो.

आता खऱ्याखोट्याचा प्रश्न. पंचाऐंशी वर्षांची आजी विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" पती जाऊन बारा वर्षे झालेली असतात. पुणेकरास समोरच्याची चूक दुरुस्त केल्यावाचून चैन पडत नाही, आणि एरवी तो गुणच आहे, पण येथे "आजोबा वारले ना, विसरलीस का?" असे सांगणे म्हणजे तिला आज नव्याने विधवा करणे होय. ती रडेल, विसरेल आणि उद्या पुन्हा विचारेल. उलट "येतीलच आता" असे रोज सांगणेही मनास बोचते. या दोहोंमधून वाट आहे. "आजोबांची आठवण आली का, आजी? कचेरीतून आल्यावर त्यांना काय लागायचे, चहा की आधी पाणी?" असे विचारले म्हणजे आजी बोलू लागते. तिला बातमी नको होती. पती हवा होता, आणि बोलण्यातून तो थोडा वेळ भेटतो. अण्णांच्या घराचेही तसेच आहे. "हेच घर" म्हणून वाद घालण्यापेक्षा "चला" म्हणावे, आपणही चपला घालाव्या, इमारतीभोवती एक फेरी मारावी, वाड्यात कोण कोण राहत असे ते विचारावे, आणि परत दाराशी आल्यावर "आले घर" म्हणावे. दररोज साधेल असे नाही. पण कुलपाने तर कधीच साधत नाही.

हातांना काम देणे ही दुसरी गोष्ट. जिने पन्नास वर्षे स्वयंपाकघर चालवले तिला एकाएकी "तू बसून राहा" म्हणणे ही दया नव्हे. कापूस पुढे ठेवला तर तिची बोटे आपोआप वाती वळू लागतात. वाटाणे सोलणे, तांदूळ निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, यांतही तेच. वात वाकडी झाली तर होऊ द्यावी. ती देवापुढे तशीच लावावी आणि तिला दिसेल अशी लावावी.

स्नानाचा प्रसंग सर्वांत कठीण. डोक्यावरून एकदम कोसळणाऱ्या फवाऱ्याने ही माणसे घाबरतात. जन्मभर बादली आणि तांब्या हाताळलेल्यास तेच द्यावे. पाणी आधी पायांवर घालावे, तांब्या त्यांच्या हातात असू द्यावा, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगावी, आणि अंगावर पंचा वा लुगडे राहू द्यावे. लाज ही स्मृतीपेक्षा जास्त टिकते. आरडाओरड झाली तर त्या दिवशी अंग पुसून घ्यावे; एक दिवस स्नान चुकल्याने धर्म बुडत नाही.

यात सर्वांत अधिक भार वाहते ती बहुधा एक बाई: सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरी गाठलेली पत्नी. "माझ्या बांगड्या हिने चोरल्या" हा आरोपही तिच्यावरच येतो, कारण सर्वांत जवळ तीच असते. तो खोडू नये; "चला, शोधू या" म्हणून सोबत शोधावे. पण तिचे स्वतःचे काय? परदेशी असलेला मुलगा रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर येतो, पंधरा मिनिटे बोलतो आणि शेवटी काळजी कशी घ्यावी हे सांगतो. त्याने पैशाचा वाटा उचलावा हे तर खरेच. पण वर्षातून तीन आठवडे येऊन रात्रीचे जागरण स्वतः करावे आणि त्या दिवसांत तिला माहेरी जाऊ द्यावे, हे अधिक मोलाचे. शेजारच्या घरातील कोणी आठवड्यातून एक दुपार येऊन बसले तरी तिला बँकेत जाता येते, निजता येते. जेथे हे काहीच शक्य नाही तेथे चांगल्या शुश्रूषागृहात ठेवण्यास लाजू नये. नाते तुटते ते जागा बदलल्याने नव्हे, भेटीस जाणे थांबल्याने. ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकावर सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचाही उपयोग करावा.

पुष्कळ घरांत ब्युरोकडून बाई येते. तिला सारे मावशी म्हणतात, आणि ही मराठी रीत चांगली आहे, मात्र नाते हाकेपुरतेच ठेवू नये. तिलाही आठवड्याची सुटी, वेळेवर पगार आणि बसून जेवण्यास जागा हवी. बांगड्यांच्या चोरीचा आळ आला म्हणजे घरच्यांनी तिची बाजू घ्यावयास हवी. महिन्या दोन महिन्यांनी ब्युरोने बाई बदलली तर रोग्याचे जग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून एकच बाई टिकेल असे पाहावे.

तिच्या हाती पहिल्या दिवशी औषधांच्या यादीबरोबर आणखी एक कागद द्यावा. अण्णांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. ते आयुष्यभर काय काम करीत. चहात साखर किती. कोणत्या कुशीवर निजतात. कोणत्या गाण्याने वा भजनाने शांत होतात. घरातील कोण हयात आहे आणि कोण नाही. कशाची भीती वाटते. संध्याकाळी कोणत्या घरी जाऊ म्हणतात, ते कोणत्या पेठेत होते आणि त्याच्या चौकात काय होते. हा कागद मुलाने व सुनेने एकत्र बसून लिहावा. लिहिताना पुष्कळ घरांत असे होते की, निम्म्या गोष्टी मुलालाही ठाऊक नसतात. त्या अण्णांनाच विचाराव्या लागतात, आणि त्या मात्र ते सांगतात. कागदाची एक नक्कल, नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकासह, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी असावी.